कोरी नजर

मुजावरकाका विरामचिन्हांसकट बोलतात, अशी कारखान्यात त्यांची चेष्टा व्हायची. "चहा दे स्वल्पविराम साखर कमी पूर्णविराम," असं ते कँटीनवाल्याला म्हणतात म्हणे. हे खरं नव्हतं, पण अगदीच खोटंही नव्हतं. उभं आयुष्य मोठ्यानं कागद वाचण्यात गेलेल्या माणसाच्या जिभेला अशी एखादी खोड लागायचीच.

कारखाना मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत होता आणि तिथं डायलिसिसची यंत्रं तयार होत. यंत्राबरोबर कागद जात. यंत्र कसं जोडायचं, कसं चालवायचं, कसं धुवायचं, लाल दिवा लागला तर आधी काय बंद करायचं. हर्षदा कोष्टी कागदपत्र विभागात नवी लागली, तेव्हा हे सगळे कागद जोडीनं तपासले जात. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापील प्रतीवर फूटपट्टी ठेवून ओळीओळीनं खाली सरकायचं. वाचणाऱ्यानं स्वल्पविराम उच्चारायचा, कंस उघडला की "कंस सुरू" म्हणायचं आणि आकडे सुटे सुटे वाचायचे. दुपारी त्या खोलीवरून गेलं की आत पाढे म्हणणारी शाळा भरल्यासारखं वाटे.

मुजावरकाका वाचत आणि हर्षदा बघे. पहिल्याच आठवड्यात तिनं स्वतः लिहिलेलं एक पत्रक स्वतःच तपासून काकांपुढं ठेवलं होतं आणि वर "एकदम शुद्ध आहे" असंही सांगितलं होतं. काकांनी ते नुसतं मोठ्यानं वाचलं. दुसऱ्याच परिच्छेदात 'बंद करा' च्या जागी 'चालू करा' निघालं, तेव्हा तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"अगं, रडतीस काय?" काका म्हणाले. "लिहिणारा माणूस आपलं लिहिलेलं वाचत नसतोय, आठवत असतोय. आपला कागद आपल्याला परका वाटाय पाहिजे. ते शिकाय वेळ लागतोय बघ. मला तर अजून जमलं नाही."

तिनं मात्र ते शिकायचा ध्यास घेतला. शेवटच्या ओळीपासून वर वाचत जाणं, कागद एक दिवस कपाटात मुरवत ठेवणं, जागा बदलून खिडकीपाशी बसणं, अशा सगळ्या युक्त्या तिनं करून पाहिल्या. तरी अधूनमधून एखादी चूक निसटायचीच, आणि मग त्या रात्री जेवण जायचं नाही. नवरा जयवंत रेल्वेत टीसी होता. तो म्हणायचा, "घरात दोन तपासनीस. पण मी गाडीतनं उतरलो की काम संपलं. तुझं ताटापर्यंत येतंय."

पुढं काळ पालटला. कागद संगणक लिहू लागला आणि संगणकच तपासू लागला. पण लिहिणारा आणि तपासणारा दोघे एकाच मुशीतले. एकाला जे खटकत नाही ते दुसऱ्यालाही खटकेना. तेव्हा वैद्यकीय यंत्राचा कागद माणसाच्या नजरेखालून गेलाच पाहिजे, खाली माणसाची सही असलीच पाहिजे, असा नियम झाला. माणसाची नजर तर जुनीच, उड्या मारत जाणारी. तिच्यावर उपाय म्हणून पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून 'कोरी नजर' आली.

ती होती कपाळाला बांधायची एक मऊ पट्टी, दोन्ही बाजूंना दोन बारीक लोलक लटकणारी. कारखान्यात आल्या दिवशीच तिचं नाव पडलं 'मुंडावळ्या'. सकाळी दारातच कुणीतरी विचारायचं, "काय बाई, मुंडावळ्या बांधल्या का? अक्षता टाकू?"

चेष्टा बाजूला ठेवली, तर यंत्र मोठं हुशार होतं. वाचताना आपला डोळा प्रत्येक अक्षरावर थांबत नाही. तो टप्पे घेत जातो आणि मधली जागा मेंदू अंदाजानं भरतो. मेंदूच्या वरच्या थरांतून खालच्या थरांकडे सारखा निरोप जात असतो, की आता अमुक येणार आहे. समोरचं आणि अंदाजातलं ढोबळमानानं जुळलं, की मेंदू पुढं सरकतो, नीट बघायची तसदीच घेत नाही. चुका निसटतात त्या इथं. कोरी नजर कानशिलांमधून अतिसूक्ष्म ध्वनिलहरी सोडायची आणि डोळ्यांच्या वाटेवर येणारा हा वरचा निरोप तेवढा दाबून टाकायची. मग अंदाजच नाही. शंभरदा वाचलेलं पान पहिल्यांदाच पाहिल्यासारखं दिसायचं आणि त्यातली चूक भातातल्या खड्यासारखी दाताखाली यायची.

हर्षदानं पहिल्यांदा पट्टी बांधली आणि तिला भरून आलं. इतकी वर्षं जे धडपडून साधायचं, ते एका कळीसरशी साधलं होतं. कागद परका झाला होता. तिच्या हातून गेलेल्या मजकुरात चूक सापडेनाशी झाली. ती मुख्य तपासनीस झाली, बाहेरचे लोक तिचं काम बघायला येऊ लागले. जोडीनं वाचायची पद्धत साहजिकच बंद पडली. मुजावरकाका निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी म्हणाले, "बरं झालं. घसा पार बसला होता." सगळे हसले. हर्षदाही हसली, पण खोलीत आता कुणी बोलत नाही हे तिला पुढं कितीतरी दिवस टोचत राहिलं.

त्याच सुमारास फलाटांवर तिकीट तपासून आपोआप उघडणारी दारं बसली आणि जयवंतनं स्वेच्छानिवृत्ती घेतली. खिशाला पेन लावायची टीसीची सवय तेवढी सुटली नाही. गडी बोलका. गाडीत रोज नवे श्रोते मिळायची सवय. आता श्रोता एकच उरला, आणि तिनं त्याच्या सगळ्या गोष्टी केव्हाच पाठ केलेल्या. बोकडाचं तिकीट काढणारा म्हातारा, चुकीच्या गाडीत चढलेलं वऱ्हाड, आणि साहेबाच्या सासऱ्याला केलेला दंड. कुठलीही गोष्ट निघाली, की हर्षदा कांदा चिरता चिरता शेवट सांगून मोकळी व्हायची.

आणि एके दिवशी तिनं शेवट सांगितला नाही. ती सुरी खाली ठेवून, त्याच्या हातवाऱ्यांकडे बघत ऐकत राहिली. जयवंतला हुरूप आला. दुसऱ्या दिवशी त्यानं वऱ्हाडाची गोष्ट काढली, तिथंही ती टक लावून त्याच्याकडे पाहत राहिली. बायको इतक्या कौतुकानं आपल्याकडे बघतेय म्हटल्यावर कुठल्या नवऱ्याला वाईट वाटेल? दोनेक महिने स्वारी खुशीत होती. शेजाऱ्यांना सांगायचा, "नवीन लग्न झाल्यागत चाललंय आमचं."

मग हळूहळू त्याला जाणवायला लागलं, की हे कौतुक नाही. ती त्याच्याकडे बघते, ते दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या भल्या माणसाकडे बघावं तसं. सकाळी स्वयंपाकघरात तो गेला की ती क्षणभर दचकते, मग सावरते. बोलता बोलता एकदा ती त्याला "बसा ना" म्हणाली, आणि तेही त्याच्याच खुर्चीकडे हात करून.

एका रविवारी जयवंतनं मिशी काढली. लग्नाच्याही आधीपासून राखलेली, पिळदार, टीसीच्या डगल्याला शोभणारी मिशी. काढली आणि पोह्यांपुढं येऊन बसला.

"लिंबू देऊ?" हर्षदानं विचारलं.

"दे. जरा बघ की माझ्याकडं. काही वेगळं दिसतंय का?"

तिनं बघितलं. पान तपासावं तसं वरून खाली, सावकाश बघितलं. "हनुवटीखाली ब्लेड लागलंय. डाव्या कानापाशी साबण राहिलाय. कॉलरची शिवण उसवलीय, द्या संध्याकाळी, घालते टाके."

"आणि मिशी?"

"कसली मिशी?"

जयवंत उठला. भिंतीवरचा लग्नातला फोटो काढून आणला आणि पोह्यांच्या ताटलीशेजारी ठेवला. हर्षदानं फोटो बघितला, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. हा माणूस जयवंत आहे, आपला नवरा आहे, त्याला मिशी होती, हे सगळं तिला माहीत होतं. विचारलं असतं तर तिनं लिहून दिलं असतं. फक्त ते आपलं वाटत नव्हतं. ती भ्यायली. पदर तोंडाला लावून रडली, आणि आपण एका परक्या पुरुषासमोर रडतोय याचीच तिला लाज वाटत राहिली. तेच सगळ्यात वाईट होतं.

प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरून तिचं सगळं ऐकून घेतलं. अशी तक्रार करणारी ती पहिली नव्हती. "ओळखीचं वाटणं म्हणजे वेगळं काही नसतं, ताई," त्या म्हणाल्या. "मेंदूनं अंदाज केला आणि तो जुळला, याची ती पावती. पट्टी काढली की अंदाज परत सुरू होतात. पण रोज, वर्षानुवर्षं दाबून ठेवले तर ती वाट मोडते. आधी कागद परके होतात, मग माणसं. आत्ता थांबलात तर वाट परत रुळेल. कदाचित. थांबला नाहीत, तर मात्र मी काहीच सांगू शकत नाही."

"म्हणजे सोडायची," जयवंत म्हणाला.

"एवढं एक पत्रक होऊ दे," हर्षदा म्हणाली. "घरी वापरायचं डायलिसिसचं यंत्र येतंय. दवाखान्यात नर्स असते हो, घरात कोण? सगळी भिस्त त्या पत्रकावर. मी नाही तपासलं तर कोण तपासणार?"

तिला खरोखरच तसं वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक होतं. पट्टीशिवाय आपण पुन्हा चुका निसटू देणाऱ्या, जेवण न जाणाऱ्या हर्षदा कोष्टी होणार, याची तिला धास्ती होती. जयवंतनं वाद घातला नाही. "बरं," म्हणाला आणि फोटो भिंतीवर लावायला गेला.

पत्रक तिनं डोळ्यांत तेल घालून तपासलं. उरफाटं तपासलं, आकडे सुटे करून तपासले. एक स्वल्पविराम सोडला तर बोट ठेवायला जागा नव्हती. तिनं सही केली. बाजारात जाण्यापूर्वी मोजक्या पेशंटांच्या घरी यंत्र बसवून बघायचं ठरलं होतं. त्यात पहिलंच नाव होतं मुजावरकाकांचं. साखरेनं त्यांची मूत्रपिंडं खाल्ली होती, आणि डोळेही अधू केले होते.

यंत्र पहिल्यांदा चालू करायचं त्या सकाळी हर्षदा मुद्दाम त्यांच्या घरी गेली. काका पलंगावर टेकून बसले होते. शेजारी पांढरं, कपाटाएवढं यंत्र. रात्री ते औषधी द्रावणानं निर्जंतुक करून ठेवलं होतं आणि अर्ध्या तासात काकांना जोडायचं होतं. काकांच्या पत्नी जैनबचाची पत्रक हातात घेऊन उलटंसुलटं करत होत्या.

"मी जोडणार गं, पण मला वाचून कोण दाखवणार?" चाची म्हणाल्या. "ह्यांना दिसत नाही, मला छापलेलं लवकर लागत नाही."

"ही आली की," काका म्हणाले. "वाच हर्षा. मोठ्यानं. स्वल्पविरामासकट वाच, म्हणजे मला नोकरीवर गेल्यागत वाटंल."

हर्षदाला आधी संकोच वाटला. किती वर्षांत तिनं मोठ्यानं वाचलं नव्हतं, आणि तेव्हाही वाचायचे ते काकाच. पण एकदा सूर लागला तशी तिची जीभ सैल झाली. "टाकीचं झाकण बंद आहे याची खात्री करा, पूर्णविराम. हिरवी कळ दाबा, पूर्णविराम." काकांनी डोळे मिटून घेतले. जुन्या खोलीचा वास, फूटपट्टीचा कागदावरचा खरखर आवाज, खिडकीबाहेरचा निलगिरीचा पाचोळा असं काय काय तिच्या मनात दाटून आलं. गेल्या दोन वर्षांत तिला काहीही आठवलं तरी ते असं जवळ आलं नव्हतं. तिचे डोळे भरले आणि ओळी धूसर झाल्या.

"द्रावण पूर्ण निचरून जाऊ द्या, पूर्णविराम," तिनं वाचलं. आणि कागदाकडे नीट न बघताच, नुसत्या ओघात, पुढं म्हणाली, "साध्या पाण्यानं यंत्र खळबळून घ्या, पूर्णविराम. द्रावणाचा अंश उरलेला नाही, हे चाचणीपट्टीनं तपासा, पूर्णविराम."

ती थांबली. डोळे पुसून ओळ शोधली. कागदावर तसं काही नव्हतं. 'द्रावण पूर्ण निचरून जाऊ द्या' याच्या खाली सरळ लिहिलं होतं, 'नळ्या रुग्णाला जोडा.'

 दवाखान्यातल्या यंत्रांच्या प्रत्येक कागदात ही दोन वाक्यं होती, काकांच्या तोंडून तिनं शेकडो वेळा ऐकलेली. नव्या पत्रकासाठी संगणकानं मजकूर आटोपशीर केला, तेव्हा ती गळाली होती. खळबळून न घेता यंत्र जोडलं असतं, तर ते द्रावण काकांच्या रक्तात गेलं असतं. आणि तिनं हे पान किती वेळा वाचलं होतं! प्रत्येक वाक्य बरोबर होतं. चूक वाक्यात नव्हतीच. चूक नसलेल्या वाक्यात होती.

"चाची, कशाला हात लावू नका," ती म्हणाली. "थांबा. आधी पाणी."

"का गं?" चाची घाबरल्या.

"काका, तुमच्या लक्षात आलं?"

काका दचकून जागे झाले. "काय? मला डोळा लागला बघ. छान वाचतीस."

यंत्र खळबळून, तपासून, मगच काकांना जोडलं. ते होईपर्यंत हर्षदा खिडकीत उभी राहून विचार करत होती. समोर जे आहे, ते कोऱ्या नजरेला लख्ख दिसतं. पण जे नाही, ते दिसायला आधी ते असायला हवं होतं असं मनात यावं लागतं. अंदाज पुसला, की उणीवही पुसली जाते. पट्टीनं तिच्या डोळ्यांची वाट मोडली होती, पण कानाजिभेची वाट तशीच राहिली होती. त्या वाटेनं आज ते वाक्य आलं. मग तिला एकदम मिशी आठवली, आणि पोह्यांपुढं बसलेला जयवंत.

सगळी पत्रकं त्याच दुपारी परत मागवली गेली. विभागप्रमुख शिरोळेबाई तिच्यापेक्षा वयानं लहान, हुशार, पण घाईतल्या. "एक चूक झाली, सुधारली. पट्टी कशाला सोडायची?" त्यांनी विचारलं. "पट्टीशिवाय मुख्य तपासनिसाची सही चालत नाही, माहितीय ना तुम्हाला?"

"माहितीय. ते पद दुसऱ्या कुणाला द्या," हर्षदा म्हणाली. "पट्टी त्यांनी बांधावी. मी शेजारी बसून जुन्या कागदावरनं मोठ्यानं वाचते. असलेलं ते बघतील, नसलेलं मी ऐकीन."

"लोक हसतील हो."

"हसू देत की. आम्हाला पूर्वीपासून हसतात."

तशी जोडी पुन्हा सुरू झाली. हर्षदाला खालच्या खुर्चीवर बसायचं जड गेलं, नाही असं नाही. पट्टीशिवाय वाचताना तिच्या हातून साध्यासुध्या चुका निसटत आणि पट्टीवाली तरुण मुलगी त्यांवर मुकाट्यानं बोट ठेवी. घरी आल्यावर ती डोळे मिटून बसे आणि जयवंतला म्हणे, "बोला काहीतरी." आवाज जयवंतचाच होता, आतपर्यंत ओळखीचा. डोळे उघडले की समोर पुन्हा तो दवाखान्याच्या बाकावरचा भला माणूस. तेव्हापासून जयवंतनं एक नेम केला. घरात शिरताना, खोलीत येताना, भाजीची पिशवी ठेवताना तो आधी बोलायचा. "मी आलोय गं." "मीच आहे." स्वतःच्याच घरात असं स्वतःची ओळख देत फिरणं म्हणजे काय असतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण कंटाळला नाही.

डॉक्टरीणबाईंचं 'कदाचित' काही लवकर खरं होईना. दिवाळी गेली, थंडी गेली. हर्षदानं आशा सोडली नव्हती, पण तिच्याबद्दल बोलणं सोडलं होतं.

उन्हं तापायला लागली आणि जयवंतचा घसा बसला, असा की फुंकर मारल्याएवढाही आवाज निघेना. संध्याकाळी तो औषध आणायला गेला होता, तो परत आला आणि दारातच थबकला. हर्षदा पाठमोरी बसून चिंचा निवडत होती. बोलायची सोय नव्हती. आपण असे मुक्यानंच पुढं गेलो तर ती दचकेल, या भीतीनं तो उंबऱ्यावर नुसता उभा राहिला.

सावली बघून हर्षदानं मान वळवली. त्याच्याकडे बघितलं. जरा कपाळाला आठी घातली आणि चिंचेचे हात झटकत म्हणाली, "हे काय, खिशाला पेन नाही आज? कुठं पाडून आलात?"

जयवंतचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. त्याच्या स्वतःच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.